कोंडाक्काचा पूल

आमच्या गावचा ओढा बघायला कुणी येणार असेल, तर त्यानं जेवून येऊ नये. मी हे थट्टेनं सांगत नाही. मागं माझ्या साडूला रान दाखवायला नेलं, तर तो अलीकडच्या काठावरच उकिडवा बसला आणि म्हणाला, "बंडप्पा, हितूनच बगितलं. लई चांगलं हाय रान." नाकावरचा रुमाल त्यानं घरी येईपर्यंत काढला नाही.

गाव सास्तूरच्या बाजूचं आहे. नाव मुद्दामच घेत नाही, घ्यावं असं लोकांनी ठेवलेलं नाही. भूकंपाआधी गाव ओढ्याच्या खालच्या अंगाला होतं आणि बाया ओढ्यात झिरे काढून प्यायचं पाणी नेत. त्र्याण्णवच्या भूकंपात ते गाव झोपेतच बसलं. नवं गाव वरच्या माळावर वसवलं. सिमेंटची घरं आली, सरळ गल्ल्या आल्या, गटारी आल्या, आणि सगळ्या गटारींची तोंडं आम्ही ओढ्यात सोडून मोकळे झालो. पुढं संडास झाले, त्यांचंही पाणी तिकडंच गेलं. कोंबड्या कापणारा पिसं टाकतो, हॉटेलवाला जळकं तेल ओततो, लग्न झालं की खरकट्यासकट थर्माकोलच्या ताटल्या जातात. एखादं कुत्रं मेलं तर त्यालाही तिथंच ढकलतात. पाणी डांबरासारखं काळं, वर फेस. आणि हे सगळं करून हीच माणसं संध्याकाळी पारावर बसून गावाच्या अब्रूच्या गोष्टी करतात. मला या गावाची किळस येते आणि ती लपवण्याचं काही कारण मला दिसत नाही.

ओढ्यापलीकडं आमची थोड्याच घरांची रानं आहेत. माझं आहे, सरपंच महारुद्रचं आहे, आणखी दोन-चार जणांची आहेत, आणि माझ्या बांधाला लागून कोंडाबाईचं आहे. मी तिला कोंडाक्का म्हणतो. आम्ही मोटारसायकलवाले डांबरी रस्त्यानं वळसा घालून रानात जातो. कोंडाक्काला तो वळसा पायी झेपत नाही. मग ती लुगडं गुडघ्यावर खोचायची आणि त्या घाणीतून पलीकडं जायची. पलीकडं विहिरीवर दगडानं पाय घासघासून धुवायची आणि कामाला लागायची. पावलांना कायम कुठं ना कुठं चिघळलेलं असायचं.

अंगानं ती किडकिडीत आहे आणि बोलणं तर त्याहून कमी. कुणाच्या दारात जाऊन बसणं नाही, कुणाची उणीदुणी काढणं नाही, त्यामुळं बायांना ती शिष्ट वाटते. भूकंपाच्या रात्री ती नवऱ्याबरोबर रानात होती. हायब्रीड ज्वारी काढणीला आलेली, डुकरं पिकात शिरायची, म्हणून दोघं राखणीला गेली होती. घरात सासू आणि दोन मुली होत्या. घर माळवदाचं, दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं ओझं. पहाटे ते सगळं खाली आलं. दगड उपसले तेव्हा मुली दाराशी सापडल्या, उंबऱ्याच्या आतल्या अंगाला. थोरलीनं धाकटीचा हात धरलेला होता. आणखी एक पाऊल पडलं असतं तर बाहेर आल्या असत्या. हे मला माझ्या वडिलांनी सांगितलं, ते उपसायला होते. कोंडाक्काच्या तोंडून यातलं अक्षर मी कधी ऐकलं नव्हतं.

रानात होती म्हणून ती वाचली. पुढं नव्या गावात घर मिळालं, उत्कर्ष नावाचा मुलगा झाला, नवरा आजारानं गेला. उत्कर्ष शिकून पुण्याला कंपनीत लागला. पोरगा वाईट नाही, पण त्याला आई पुण्यात हवी होती आणि रान विकलेलं हवं होतं. रानाला गिऱ्हाईक तयारच होतं. सरपंच महारुद्रचं रान कोंडाक्काच्या रानाला दुसऱ्या बाजूनं लागून आहे आणि त्याचा त्या जमिनीवर कधीपासून डोळा आहे.

आता येळवशीबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडं येळवस असते. त्या दिवशी गावातल्या घरांना कुलपं लागतात आणि सगळं गाव रानात जातं. कडब्याची खोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि हिरव्या शेंगा-भाज्यांची भज्जी, पिठाचे उंडे, खीर खायची, वर ताकातली आंबील प्यायची. आंबिलीचं मडकं बाईनं डोक्यावर घेऊन अनवाणी न्यायचं, गाडीवर टाकून नाही. पूजा झाली की बांधावर उभं राहून शेजारच्या रानांतल्या माणसांना हाक मारायची, आणि येळवशीची हाक आली की वैऱ्यालाही नाही म्हणता येत नाही, दोन घास खावेच लागतात. ज्या रानात येळवस होत नाही ते रान बेवारस धरतात.

मागं एका येळवशीला कोंडाक्का ओढ्यातून मडकं घेऊन चालली होती, मी मागं होतो. गाळात तिचा पाय सरकला. मडकं तिनं सावरलं, पण काळ्या पाण्याचा शिंतोडा आत उडाला. पलीकडच्या काठावर तिनं मडकं उतरवलं, आत बघितलं, आणि सगळी आंबील तिथंच ओतून दिली. "देवाला गटाराचं पाणी न्हाय पाजायचं मला," एवढंच म्हणाली आणि रिकामं मडकं घेऊन परत फिरली. तेव्हापासून तिच्या रानात येळवस नाही.

गेल्या दिवाळीत उत्कर्ष आला तेव्हा त्यानं नेमकं तेच धरलं. माझ्यासमोर म्हणाला, "आई, रानात येळवस बी होत न्हाय आता. मंग ठिवायचं काम्हून? दिऊन टाकू, चल माज्यासंगं."

कोंडाक्का बराच वेळ मिसरी लावत बसली. मग म्हणाली, "औंदा येळवस झाली तर रान ऱ्हाईल. न्हाय झाली तर इक, म्या येते पुण्याला."

पोरगा खूश होऊन गेला. ओढा मध्ये असताना येळवस कशी होणार, हे त्यालाही माहीत होतं आणि महारुद्रलाही.

दुसऱ्या दिवशी कोंडाक्का पंचायतीत गेली, बरोबर मी होतो. तिनं पायी जाण्यापुरता पूल मागितला. महारुद्रनं तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, "काकू, एकट्या मानसासाटी पूल होत नसतो. प्रस्ताव टाकू की. तवर जरा दमानं घ्या."  पलीकडं स्वतःचं रान असलेला माणूस तिला एकटी म्हणत होता. मग मी पलीकडं रान असलेल्या बाकीच्यांकडं गेलो, म्हटलं, पैसा नको, अंगमेहनत द्या. बालाजी म्हणाला, "आमाला गाडी हाय, आमाला पुलाचं काय काम?" दुसऱ्यानं पाठदुखी सांगितली. तिसरा दारातच उभा राहिला, आत बस म्हणायचंही त्याला सुचलं नाही.

शेवटी मी सास्तूरहून मुनवरला बोलावलं. मुनवर गवंडी आहे. हात चांगला, पण तोंडात सदा गुटखा आणि कबूल केलेल्या दिवशी कधी येणार नाही. त्यानं काठावर उभं राहून आधी ओढ्यात एक पिचकारी टाकली, मग म्हणाला, "मावशी, दोन्ही कडंला दगडाचं जाड बांधकाम घ्यावं लागंल. वर आडवं काय तरी टाकू. पानी आलं तर वरनं जाईल, ह्ये हालनार न्हाय. पर दगड घडीव पायजे. सिमेंटच्या इटा ह्या पान्यात टिकत न्हाईत."

आडवं टाकायला माझ्या बांधावर विजेचे सिमेंटचे दोन जुने खांब होते, वादळात पडलेले, कुणी न्यायला न आलेले. मी ते देतो म्हटलं. पण घडीव दगड विकत आणायचा म्हणजे कोंडाक्काच्या आवाक्याबाहेरचं होतं.

"दगड हायती की," कोंडाक्का म्हणाली. "माज्या घरचे."

मुनवर चघळायचा थांबला. त्यालाही कळलं ती कुठल्या घराबद्दल बोलतेय. जुन्या गावठाणात पडक्या घरांचे ढीग तसेच आहेत, वर बाभळी उगवल्यात. त्या दगडांखाली माणसं मेली, म्हणून कुणी ते नव्या घराला लावत नाही. शेरडं राखणारेसुद्धा त्या दगडांवर बसत नाहीत. ही आमच्या गावची रीत आहे, निदान उजेडातली.

मी म्हटलं, "आक्का, तुमाला बगवंल का?"

"तीस वरसं नुस्ते पडून हायती," ती म्हणाली. "माजी मानसं खाल्ली त्येंनी. आता जरा कामाला लागू दे."

मी बैलगाडी जुंपली. खरं सांगतो, मी गाडीपाशीच घुटमळलो. कोंडाक्का मात्र काटे बाजूला सारत ढिगावर चढली. भिंतीतली दिव्याची देवळी तिला सापडली, त्यावरून तिनं घर ओळखलं, ही सोप्याची भिंत, हे चुलीचं अंग. पहिला दगड तिनं स्वतः उचलून गाडीत टाकला आणि पदरानं हात पुसले.

दुसऱ्या खेपेपर्यंत गावात बातमी पसरली आणि मग जे झालं त्यानं मला गावाचा कायमचा वीट आला. पिठाच्या गिरणीत बाया कोंडाक्काच्या डब्याशेजारी आपला डबा ठेवीनात. नळावर ती आली की घागरी बाजूला सरकायच्या. पारावर बैठक बसली आणि मला बोलावणं आलं, कारण गाडी माझी.

महारुद्र म्हणाला, "मढ्याचे दगड हायती ते. त्येच्यावरनं देवाची आंबील न्हेनार व्हय? गावाला कायी बाधलं तर जिम्मेदार कोन?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. समोर ओढा वास मारत होता. वारा आला तसा बसलेल्यातल्या दोघांनी उपरणं नाकाला लावलं, आणि ज्यांच्या संडासाचं पाणी देवाच्या वाटेत साचलंय ती माणसं मला विटाळ शिकवत होती. मी विचारलं, "दादा, तुमच्या गोठ्याचं जोतं कशाचं हाय?"

 महारुद्रच्या गोठ्याचं जोतं गावठाणातल्या दगडांचं आहे हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. दिवेलागणीनंतर ट्रॅक्टर गेला होता, एवढंच.

"तो इषय येगळा," महारुद्र म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला तिथंच थुंकावंसं वाटलं. उठून आलो.

काम सुरू झालं. मुनवर पहिल्या दिवशी पाण्यात उतरला आणि काठावर येऊन ओकला. दुसऱ्या दिवशी आलाच नाही, पाहुण्यांत लग्न निघालं म्हणे. मला वाटलं संपलं. पण नंतर तो गमबूट घालून, तोंडाला ओढणी बांधून आला. ओढणी त्याच्या बायकोची, सायराबीची होती आणि तिला अत्तर लावलेलं होतं. आम्ही पोत्यांत माती भरून पाणी एका अंगाला वळवलं आणि गाळ उपसला. त्या गाळातून काय काय निघालं ते लिहीत नाही. दोन्ही काठांना खडक लागेपर्यंत खणलं, त्यावर कोंडाक्काच्या घराचे दगड एकावर एक चढले. सिमेंटची पोती तेवढी विकत, बाकी सगळं घरचं. कोंडाक्का दगड पुसून मुनवरच्या हातात द्यायची. वर खांब आडवे टाकले आणि खांबांवर तिच्या अंगणातल्या फरशा बसवल्या. गावातले लोक लांब उभे राहून बघायचे. एकानं तंबाखूचा चुना तेवढा मागितला.

येळवस तोंडावर आली तेव्हा अलीकडच्या तोंडाला एक लांब दगड कमी पडला. कोंडाक्का म्हणाली, "हाय एक." गाडीत घालून आणला तो उंबरा होता. काळा, मध्ये झिजून खोलगट झालेला. मुनवरला वेगळं काही वाटलं नाही, त्यानं तो मापात बघून बसवला, सांधे भरले, आणि म्हणाला, "चला मावशी, पयलं पाऊल तुमचं."

कोंडाक्का पुढं आली आणि थांबली. उंबऱ्यावर पाय द्यायचा नसतो. लक्ष्मी असते तिथं. आम्ही तिघंही तिथंच उभे राहिलो. पूल बांधला आणि पहिल्याच पायरीवर पाय ठेवता येईना.

"काढू का?" मुनवरनं विचारलं. "अजून वला हाय."

"नगं," ती म्हणाली. "घरात जाताना वलांडूनच जातेत की." तिनं लुगडं जरा उचललं, पाय लांब टाकला आणि उंबरा ओलांडून पुलावर गेली. मागून आम्हीही तसेच गेलो.

येळवशीच्या सकाळी तिनं उंबऱ्याला हळदकुंकू लावलं, डोक्यावर मडकं घेतलं आणि पाय कोरडे ठेवून पलीकडं गेली. माझी बायको आधी म्हणत होती, मी आपली डांबरी रस्त्यानं येते. मी नुसतं बघितलं, तशी मुकाट्यानं पुलावरून आली. पांडव मांडले, पूजा झाली, रानाला आंबील शिंपडली. कोंडाक्कानं भज्जी मोठ्या पातेल्यात केली होती. आदल्या दिवशी ती घरोघर जाऊन सांगून आली होती, महारुद्रच्या घरीसुद्धा.

कोणी आलं नाही. मुनवर आणि सायराबी आली, पुलावरूनच आली, आणि पोटभर जेवली. बाकी रान रिकामं. शेजारी महारुद्रच्या रानात मात्र मांडव भरला होता, आपापल्या पूजा उरकून सगळं गाव डांबरी रस्त्यानं वळसा घालून तिथं जमलं होतं. ऊन कलायला लागलं तशी कोंडाक्का बांधावर जाऊन उभी राहिली आणि तिनं हाक मारली. "या गा जेवायला. भज्जी हाय. या."

बांधावरून ते हाकेच्या अंतरावर होते. मला त्यांच्या पंगतीतल्या ताटल्यासुद्धा दिसत होत्या. दोघातिघांनी वर बघितलं आणि माना खाली घातल्या. बालाजी उठल्यासारखा झाला, पण महारुद्रनं त्याच्याकडं बघितलं आणि तो बसला. मग कुणीतरी स्पीकरचा आवाज वाढवला. कोंडाक्कानं आणखी एकदा हाक मारली. येळवशीची हाक ऐकून न उठलेली माणसं मी जन्मात पहिल्यांदा बघितली. ओढ्यातल्या घाणीची मला कधी आली नसेल एवढी शिसारी त्या वेळी आली. संध्याकाळी भज्जी माझ्या बैलांनी खाल्ली.

रात्री जेवणवेळेला उत्कर्षचा फोन आला. मी तिथंच होतो.

"झाली का?" त्यानं विचारलं.

"झाली."

"मानसं आली का?"

"आली पोटापुरती," कोंडाक्का म्हणाली.

पोरानं शब्द पाळला. रानाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही, आणि महारुद्रचा निरोप त्यानं परस्पर परतवला.

इथंच गोष्ट संपली असती तर मला एवढा राग नसता. पण येळवस होऊन थोडे दिवस गेले नाहीत तोच पुलावर मला चिखलाची पावलं दिसली. आधी खुरपायला जाणाऱ्या बाया, मग बालाजी. गाडीचं पेट्रोल वाचतं, वळसा वाचतो. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं, पुलावरून गेलं, पूल जागचा हलला नाही, आणि मग तर सगळी लाज सुटली. आता महारुद्रसुद्धा रानातल्या गोठ्यावरून दुधाची किटली घेऊन त्या मढ्याच्या दगडांवरून रोज येतो. येता-जाता उंबऱ्यावर खुशाल पाय देतात, चिखल पुसतात, कुणी तंबाखू थुंकतं. हळदकुंकू टिकत नाही.

कोंडाक्का रोज सकाळी विहिरीचं पाणी आणून उंबरा धुते. परवा मी तिला तिथंच गाठलं. ती बसून दगडाच्या खोलगट भागातला चिखल बोटांनी काढत होती. मला राहवलं नाही.

"आक्का, तुमच्या हाकेला कुत्रं आलं न्हाय. आन् ह्या नालायकांची घान तुमी धुता? बाभळीची काटी टाका आडवी. जाऊ द्या त्येंना वळशानं."

तिनं उरलेलं पाणी दगडावर ओतलं. 

"त्या पाहाटं ह्यो उंबरा कुनीच वलांडला न्हाय, बंडप्पा," ती म्हणाली. "दोगी हितंच ऱ्हायल्या. आता रोज कुनी ना कुनी वलांडून जातंय. जाऊ दे की. कुनी का असंना."

 तेवढ्यात पलीकडून किटली घेऊन महारुद्र आला. आम्हाला बघून तो जरा चाचरला, पण थांबला नाही. पूल ओलांडून या तोंडाशी आला आणि पाय उंबऱ्यावर टेकवणार, तोच कोंडाक्का म्हणाली, "दादा, पाय जरा उचलून टाका. उंबरा हाय."

महारुद्रनं किटली सावरली, पाय उचलला आणि उंबरा ओलांडून अलीकडं आला. मला त्या माणसाची अजून किळस येते. कोंडाक्का मात्र तो पुरता बाहेर पडेपर्यंत त्याच्या पायांकडं बघत होती.